यमदीपदान आणि स्वयंपाकघरातील धूर

आश्विन वद्य त्रयोदशीच्या सायंकाळी दिवेलागणीची वेळ झाली, की वाशीमच्या जुन्या वस्तीतील गल्ल्यांतून काय, किंवा रिसोड-मालेगावकडील खेड्यांतून काय, कणकेचा एक दिवा घरोघर दाराबाहेर निघतो. एरवी दिव्याचे तोंड दक्षिणेस करू नये, असा आपला संकेत आहे. त्या सायंकाळी मात्र ते मुद्दाम दक्षिणेस करावयाचे, कारण ती यमाची दिशा. घरातील कोणासही अपमृत्यू येऊ नये, एवढीच त्या दिव्यामागील प्रार्थना असते. त्याच दिवशी अमृतकलश हाती घेऊन समुद्रातून प्रकटलेल्या धन्वंतरीचे पूजन होते आणि धणे-गुळाचा प्रसाद वाटला जातो. धनत्रयोदशी म्हणजे सोन्याचांदीच्या खरेदीचा मुहूर्त, अशी समजूत अलीकडे बळावत चालली आहे खरी. परंतु दीपदान आणि धन्वंतरीपूजन हे त्या दिवसाचे दोन्ही विधी पाहिले, तर त्यांत धनाहून आयुष्याचीच चिंता अधिक आहे, हे सहज ध्यानी येईल.

आता तो कणकेचा दिवा ज्या हातांनी मळला जातो, त्या हातांकडे थोडे पाहू. घरातील गृहिणी किंवा आजीबाई दिवाळीचा आठवडाभर चुलीपुढे असते. शेव, चिवडा, शंकरपाळे, करंज्या, अनारसे. एक घाणा उतरला की दुसरा चढतो. चुलीत पऱ्हाटी असते, तुराटी असते, पावसाळ्यात नीट न वाळलेल्या गवऱ्या असतात. ओले इंधन पेट घेत नाही, म्हणून फुंकणीने फुंकर घालावयाची, आणि फुंकर घालताना तोंड अगदी चुलीजवळ न्यावयाचे. डोळ्यांतून पाणी येते ते पदराला पुसून पुन्हा घाण्याकडे वळावयाचे. घरातील इतर सर्वांच्या दीर्घायुष्यासाठी दक्षिणेस दिवा ठेवणारी ही स्त्री ज्या धुरातून उठून दारापर्यंत येते, तो धूरच तिच्या आयुष्यातील काही वर्षे हळूहळू खात असतो. या सणाच्या दिवसांत त्या धुराचा विचार व्हावा, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

वाशीम जिल्ह्यात धुराडी ओकणारे मोठे कारखाने नाहीत. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा शेतीचाच आहे. सोयाबीन, तूर आणि कापूस ही त्याची पिके. त्यामुळे हवेचे प्रदूषण हे मुंबईचे किंवा चंद्रपूरचे दुखणे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे येथील माणसास वाटणे साहजिक आहे. वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म ती हीच नगरी. येथील पद्मतीर्थाचे माहात्म्य आणि भोसल्यांच्या काळात भवानी काळू यांनी उभारलेले बालाजीचे मंदिर यांमुळे या भूमीविषयी भाविकांच्या मनात एक निर्मळपणाची भावना आहे, आणि ती योग्यच आहे. पण तीर्थाचे पाणी आणि गावाची मोकळी हवा कितीही चांगली असली, तरी धाब्याच्या किंवा टिनाच्या घरातील बिनखिडकीच्या स्वयंपाकघराची हवा वेगळी असते. प्रदूषण मोजावयाचे यंत्र शहरातील चौकात लावले जाते. आमच्या मते ते एकदा अशा स्वयंपाकघरात, चुलीपासून हातभर अंतरावर, लावून पाहावयास हवे.

असे यंत्र लावले गेले नाही असे नाही. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८१ च्या सुमारास गुजरातमधील खेड्यांत जाऊन, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो हे प्रत्यक्ष मोजले. शहरी धुराचीच चर्चा करणाऱ्या जगास तोपर्यंत या गोष्टीची फारशी जाणीवच नव्हती. साधी चूल तासाभरात चारशे सिगारेटींइतका धूर सोडते, असे ते पुढे वारंवार सांगत. याचा अर्थ ती स्त्री चारशे सिगारेटी ओढते असा नव्हे. चूल किती धूर घरात सोडते, एवढेच त्यावरून समजावयाचे. स्मिथ २०२० साली निवर्तले. तोवर चाळीस वर्षे त्यांनी हाच एक विषय धरून ठेवला होता.

आपल्या पूर्वजांस धुराचा हा दोष अज्ञात होता असे मात्र मानू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे प्रदेशच्या प्रदेश रोगाने ग्रस्त होण्याचा, विचार आला आहे. गंगेच्या काठी कांपिल्य नगरीत पुनर्वसू आत्रेय आपल्या अग्निवेश या शिष्यास सांगतात, की माणसांच्या प्रकृती वेगवेगळ्या असल्या तरी वायू, जल, देश आणि काल हे चार सर्वांना सारखेच असतात. ते बिघडले की सारेच आजारी पडतात. बिघडलेल्या वायूची लक्षणे सांगताना तेथे धूळ आणि वाळू यांच्याबरोबर धुराचाही उल्लेख आहे. श्वासरोगाच्या कारणांतही चरकाने धूळ आणि धूर यांना स्थान दिले आहे. धन्वंतरीचे पूजन करणाऱ्यांनी या शास्त्रवचनाकडेही लक्ष द्यावे, इतकीच आमची विनंती आहे.

आता कर्करोगाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील एक संस्था फ्रान्समधील लिआँ येथे आहे. कोणत्या गोष्टीमुळे कर्करोग होतो, याचा पुरावा तपासून वर्गवारी करणे हे तिचे काम. या संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुरास आणि २०१३ साली एकूणच बाहेरील प्रदूषित हवेस मनुष्यात कर्करोग निर्माण करणारे म्हणून पहिल्या वर्गात घातले. तंबाखूही त्याच वर्गात आहे. घरात जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर पहिल्या वर्गात, तर लाकूडफाट्याचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा त्याखालच्या वर्गात, असा निर्णय त्या संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केला. तीव्र आचेवर तळण करताना निघणाऱ्या वाफाही या दुसऱ्या वर्गातच आहेत. म्हणजे लाकडाच्या धुराविरुद्धचा पुरावा कोळशाइतका पक्का झालेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. श्वासनलिका कायमच्या आकसणे, दमा बळावणे, मुलांना न्यूमोनिया होणे, या बाबतीत मात्र चुलीच्या धुराविषयी शंकेस फारशी जागा उरलेली नाही. कर्करोग हा त्या मालिकेतील सर्वांत दुर्मिळ पण सर्वांत निर्दय दुवा आहे.

फुप्फुसाचा कर्करोग म्हणजे विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा रोग, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढ आहे, की आयुष्यात कधी तंबाखूस न शिवलेल्या बाईस हा रोग झाला असे डॉक्टर सांगतात, तेव्हा घरचे लोक आधी विश्वासच ठेवीत नाहीत. विडी हे आजही मोठे कारण आहे, यात वाद नाही. ज्या घरात पुरुष विडी ओढतो आणि स्त्री चूल पेटवते, तेथे तिच्या वाट्यास दोन्ही धूर येतात. परंतु मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत फुप्फुसाच्या कर्करोगाचे निम्म्याहून अधिक रुग्ण धूम्रपान न करणारे होते. जगात २०२२ या एका वर्षात या रोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८ लाख माणसे त्याने दगावली. इतके बळी दुसरा कोणताही कर्करोग घेत नाही.

धुराने हे घडते कसे? आपल्या डोक्यावरील केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे, किंवा त्याहूनही लहान, असे कण धुरात असतात. मोठी धूळ नाकातील केसांत आणि घशात अडते, शिंकेबरोबर किंवा बेडक्याबरोबर बाहेर पडते. हे बारीक कण मात्र थेट फुप्फुसातील शेवटच्या वायुकोशापर्यंत पोहोचतात आणि तेथेच मुक्काम करतात. जळणातून निर्माण झालेली काही विषारी द्रव्ये त्यांच्या अंगास चिकटलेली असतात, आणि ती पेशींच्या मूळ रचनेस इजा करतात. हे पूर्वीपासून ज्ञात होते. लंडनच्या शास्त्रज्ञांनी २०२३ साली त्यात एक नवी गोष्ट जोडली. वय वाढत जाते तसतसे निरोगी माणसाच्या फुप्फुसातही काही पेशींत दोष साचलेले असतात, पण त्या पेशी बहुधा जन्मभर झोपलेल्याच राहतात. बारीक कण आत गेले की फुप्फुसात दाह होतो, आणि तो दाह या झोपलेल्या पेशींना जागे करतो. शेतात पडलेले तणाचे बी वर्षानुवर्षे तसेच राहते आणि एक पाऊस पडला की तरारून येते, तसाच काहीसा हा प्रकार. धूम्रपान न करणाऱ्यांत आढळणाऱ्या कर्करोगाचा उलगडा यामुळे बराच सुलभ झाला आहे.

भारत सरकार बारीक कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालवून घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा ५ वर आणली. या दोन आकड्यांतील अंतर पाहून कोणी खचून जाऊ नये. आपल्या हातात काय आहे, ते पाहावे.

या बाबतीत चीनमधील एका डोंगराळ भागाची हकीकत आम्हांस फार बोलकी वाटते. युन्नान प्रांतातील श्वानवेई या भागातील स्त्रिया सहसा धूम्रपान करीत नसत, तरीही त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण चीनमध्ये सर्वाधिक गणले जाई. घराच्या मध्यभागी उघडा खड्डा, त्यात धुरकट दगडी कोळसा, आणि धूर जावयास वाट नाही, अशी तेथील रीत होती. पुढे हळूहळू लोकांनी धुराडे असलेल्या चुली बांधून घेतल्या. संशोधकांनी १९७६ ते १९९२ या काळातील २१ हजारांहून अधिक शेतकऱ्यांची माहिती गोळा केली आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: धुराड्याची चूल घेणाऱ्यांत या कर्करोगाचा धोका पुरुषांत सुमारे ४१ टक्क्यांनी आणि स्त्रियांत सुमारे ४६ टक्क्यांनी कमी झाला होता. इंधन तेच, माणसे तीच, स्वयंपाकही तोच. बदलली ती केवळ धुराची वाट. हा गुण दिसावयास सुमारे दहा वर्षे लागली, हेही नमूद केले पाहिजे. आज बांधलेले धुराडे आजच्या आजीबाईंपेक्षा कदाचित त्यांच्या सुनेस अधिक उपयोगी पडेल.

आपल्याकडे यासाठी काहीच झाले नाही असे नाही. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. त्या निमित्ताने महाराष्ट्रात अनेक प्रकारच्या निर्धूर चुली गावोगाव पोहोचल्या. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या समुचित तंत्रज्ञानाच्या संस्थेने, ज्या चुलींचा प्रसार केला त्यांत सिमेंटच्या, दोन भांड्यांच्या आणि धुराडे असलेल्या एका चुलीचे नाव ‘लक्ष्मी’ होते. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते ते आम्ही सांगू शकत नाही; पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ज्या घरात ती चूल आहे, तेथे तिच्यावरही हळदकुंकू वाहावयास हरकत नसावी.

पुढे १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि गरीब घरांत गॅसची जोडणी आली. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५८.६ टक्के घरांत स्वयंपाकास स्वच्छ इंधन वापरले जात होते. आधीच्या पाहणीत हेच प्रमाण ४३.८ टक्के होते. प्रगती मोठी आहे. परंतु जोडणी असणे आणि गॅसवर स्वयंपाक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चहा, पाहुण्यांसाठी पोहे, रात्रीचे दूध गरम करणे, एवढ्यापुरता गॅस. भाकरी, आंघोळीचे पाणी आणि सणाचे तळण चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांत दिसते. याबद्दल गृहिणीस दोष देणे आम्हांस मान्य नाही. सिलिंडर रोख पैशाने भरून आणावा लागतो आणि पऱ्हाटी शेतातून फुकट येते. कापसाचा हंगाम संपला की ती उपटावीच लागते, मग जाळावयाची नाही तर काय करावयाचे? भाकरीची चवही चुलीवरचीच, हे तर घरचे पुरुषच सांगतात. चवीचे कौतुक करणाऱ्यांनी एक दिवस फुंकणी हातात धरून पाहावी.

तेव्हा गॅस परवडत असेल तर निदान फराळाचा आठवडा त्याच्यावर काढावा. दिवसाचे तास मोजले तर धुराचा सर्वांत मोठा वाटा याच आठवड्यात पोटात जातो. चूल ठेवावयाचीच असेल तर ती परसात किंवा ओसरीच्या मोकळ्या बाजूस असावी. आतच ठेवावी लागली तर तिला धुराडे असावे आणि ते आढ्याच्या वर निघालेले असावे. टिनाच्या पत्र्याखालीच संपणारे धुराडे धूर शेजारच्या खोलीत नेऊन सोडते. दर काही आठवड्यांनी आतील काजळी झाडली नाही तर ते बंद पडते, आणि मग लोक म्हणतात की या चुली टिकत नाहीत. इंधन कोरडे असावे. आणि एक गोष्ट कळवळून सांगावीशी वाटते: चूल पेटवण्यासाठी प्लास्टिकची पिशवी किंवा चपलेचा तुकडा वापरण्याची जी रीत अलीकडे पडली आहे, ती तात्काळ सोडावी. त्या काळ्या धुरातील विष लाकडाच्या धुराहून कितीतरी वाईट असते. लहान मुलाला मांडीवर घेऊन चुलीपुढे बसणेही टाळावे; त्याचे फुप्फुस अजून वाढत असते.

धुराविषयी बोलू लागलो की भाविक मनात साहजिकच शंका येते: मग देवापुढील उदबत्तीचे काय, होमाचे काय? आम्ही या प्रश्नाकडे डोळेझाक करणार नाही. जळणारी कोणतीही वस्तू बारीक कण सोडते. मंत्राने तिचे हे वर्तन बदलत नाही. सिंगापूरमधील ६१ हजार चिनी स्त्री-पुरुषांची एक पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. घरात दीर्घकाळ धूप-उदबत्ती जाळणाऱ्यांत घसा आणि वरच्या श्वसनमार्गाचे काही कर्करोग अधिक आढळले. फुप्फुसाच्या कर्करोगाचे एकूण प्रमाण मात्र वाढलेले दिसले नाही. सकाळ-संध्याकाळ एक उदबत्ती लावणाऱ्याने यावरून घाबरण्याचे कारण नाही. देवघराची खिडकी त्या वेळी उघडी असावी, उत्सवाच्या दिवशी जुडीच्या जुडी पेटवू नये, इतके पुरे. आपल्या यज्ञमंडपाची जुनी रचनाच पाहा. तो चारी बाजूंनी मोकळा असतो. बंद खोलीत, पंखा थांबवून, दारे लावून केलेला होम शास्त्राने कोठे सांगितला आहे?

ज्यांचा कोणी विचार करीत नाही, असे आणखी काही लोक आहेत. कारंजा ही श्रीनृसिंहसरस्वतींची जन्मभूमी. पोहरादेवी हे बंजारा समाजाचे परमपवित्र क्षेत्र, जेथे रामनवमीस दूरदूरच्या तांड्यांतून लोक येतात. अशा मोठ्या यात्रा-उत्सवांत आणि गावोगावच्या सप्ताहांत महाप्रसादाच्या भट्ट्या पेटतात. त्या भट्ट्यांवर कढई ढवळणारा आचारी आणि पुऱ्या लाटणाऱ्या बाया हजारोंना जेवू घालतात आणि स्वतः धूर गिळतात. अन्नदानाची देणगी देणाऱ्यांनी मंडपाबरोबर भट्टीवरच्या उंच, हवेशीर छपराचाही खर्च उचलला, तर ते दानही अन्नदानातच जमा होईल.

फटाक्यांबद्दल थोडक्यात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली मोजमाप करून दाखवले, की मुले ज्या निरुपद्रवी समजतात त्या नागगोळीने सर्वांत अधिक बारीक कण सोडले, दर घनमीटर हवेत सुमारे ६४,५०० मायक्रोग्रॅम. माळेनेही तिच्यापेक्षा कमीच. आवाज नसल्यामुळे ती तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हाती दिली जाते आणि ती वाकून तिच्याकडे पाहत बसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांच्या वेळेवर आणि प्रकारांवर मर्यादा घातली, आणि आपल्या विदर्भातील, नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने कमी धुराचे फटाके तयार केले. एका रात्रीच्या फटाक्यांनी कर्करोग होतो असे कोणी म्हणत नाही. पण दम्याच्या रुग्णाची ती रात्र मात्र बसून जाते.

शेवटची गोष्ट अधिक महत्त्वाची. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, थुंकीत रक्त, आवाज बसणे, कारण नसताना वजन उतरणे, छातीत एकाच जागी दुखणे, यांपैकी काहीही असेल तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. तेथे प्रथम क्षयाची तपासणी होते आणि ती व्हावयासच हवी, कारण क्षय अधिक आढळतो आणि बराही होतो. पण क्षयाची औषधे महिना-दोन महिने घेऊनही गुण नसेल, किंवा थुंकीत क्षयाचे जंतू न सापडता केवळ छायाचित्रावरून औषध सुरू झाले असेल, तर पुढील तपासणी मागून घ्यावी. आपल्या देशात या कर्करोगाचे कितीतरी रुग्ण क्षयाच्या औषधांवर मोलाचे महिने घालवतात. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय वाशीमकरांस फार दूर नाही. आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर, ‘तंबाखू खाता का, विडी ओढता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ एवढेच उत्तर देऊन थांबू नये. चुलीवर किती वर्षे स्वयंपाक केला, दिवसाला किती तास, स्वयंपाकघरास खिडकी होती की नाही, हे त्यांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे, आणि त्यांना ते कागदावर लिहावयास सांगावे.